मासे येण्याआधीचे सहा आठवडे

‘फाइंडिंग निमो’ २००३ साली पडद्यावर आला, तेव्हा जे शाळेत होते ते आज आई-बाबा झालेत. आता त्यांची मुलं तोच सिनेमा मोबाइलवर बघतात आणि हट्ट धरतात, “आपल्याकडेही निमो आणू या!” आपल्याकडच्या घरांना फिश टँक काही नवीन नाही. गप्पी, मॉली, गोल्डफिश, एंजल यांनी भोपाळमधल्या कितीतरी दिवाणखान्यांचे कोपरे सजवले आहेत. माशाच्या आकाराच्या इमारतीतलं आपलं मछलीघरही जुन्या पिढीला आठवत असेल. पण निमो, म्हणजे क्लाउनफिश, हा खाऱ्या पाण्यातला मासा. त्याच्यासाठी टाकी लावायची म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, माळव्याच्या पठारावर, शंभर-दोनशे लिटरचा का होईना, समुद्रच उभा करायचा.

हे जमतं. समुद्री मीठ, पंप, दिवे, तपासणीचे किट असं सगळं हल्ली घरपोच येतं. आणि सगळं एका खोक्यात येतं म्हणूनच घोटाळाही ठरलेला असतो. शनिवारी टाकी येते, त्याच संध्याकाळी मीठ विरघळवून पाणी भरलं जातं, रविवारी मासे येतात. पाणी काचेसारखं लख्ख, मुलं खूश, फोटो फॅमिली ग्रुपवर. पुढच्या रविवारपर्यंत एकेक मासा तळाशी किंवा पृष्ठभागावर. दुकानदाराला दोष, पाण्याला दोष, आणि मुलांना काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

बहुतेक वेळा दोष माशांचा नसतो आणि मिठाचाही नसतो. टाकी तयारच झालेली नसते. खाऱ्या पाण्याची टाकी पाणी भरल्यावर तयार होत नाही. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एक वस्ती बसल्यावर ती तयार होते, आणि त्या वस्तीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या प्रक्रियेला हौशी लोक ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात. दुचाकीशी संबंध नाही, शाळेत शिकलेलं नत्रचक्र तेच हे.

स्वच्छ पाण्यातलं विष

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन त्याला शरीराबाहेर टाकावा लागतो. आपण तो युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो. बहुतेक मासे तो अमोनियाच्या रूपात टाकतात, तोही मुख्यतः कल्ल्यांमधून, श्वास घेता घेता. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच येतो. समुद्रात त्याची फिकीर नसते, कारण पाणी अथांग असतं. शंभर लिटरच्या पेटीत मात्र मासा स्वतःच्याच विसर्जनात पोहत असतो. अमोनियाला रंग नाही, आणि इतक्या कमी प्रमाणात वासही येत नाही. म्हणून पाणी लख्ख दिसत असताना मासा कल्ले जळल्यासारखा पृष्ठभागाशी धापा टाकतो.

खाऱ्या पाण्यात हे संकट जास्त गंभीर होतं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक तुलनेने निरुपद्रवी, दुसरं विषारी. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका विषारी भाग जास्त. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात आणि समुद्री टाकीत एकूण अमोनिया सारखाच असला, तरी समुद्री टाकीत त्यातला विषारी भाग दहा पटींहून जास्त भरतो. गोल्डफिशच्या टाकीत खपून गेलेली घाई इथे खपत नाही, ती यामुळे.

यावर उपाय निसर्गाने केलेला आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं. अधूनमधून थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर खडकाच्या, वाळूच्या आणि फिल्टरच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणजे टाकीचा खरा फिल्टर हा विकत आणलेला डबा नव्हे. त्या डब्यात राहायला येणारी मंडळी हा खरा फिल्टर.

विरजण लागतं, पण रात्रीत नाही

हे सगळं ऐकल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा: जिवाणूच ना, मग इतके दिवस कशाला? रात्री दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळी दही लागलेलं असतं.

गणित करून बघा. दह्यातले जिवाणू, सोयीसाठी, तासाला दुप्पट होतात असं धरू. आठ तासांत एकाचे २५६ होतात. सोळा तासांत पासष्ट हजारांच्या वर. दुधात त्यांना आयतं जेवण मिळतं: साखर, प्रथिनं, सगळं हजर. आपल्या टाकीतल्या जिवाणूंचं तसं नाही. ते अन्न खातच नाहीत म्हणा ना. अमोनियाला ऑक्सिजन जोडताना जी किंचितशी ऊर्जा सुटते, तेवढ्यावर ते जगतात आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधतात. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीत संसार सावकाशच वाढणार. चांगल्या परिस्थितीतही त्यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, बऱ्याचदा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. दिवसाला दुप्पट धरले तर २५६ व्हायला आठ तास नव्हे, आठ दिवस लागतात. आणि दुसऱ्या जातीला कामच तेव्हा मिळतं, जेव्हा पहिलीने पुरेसं नायट्राइट तयार केलेलं असतं. एक पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही.

या जिवाणूंच्या सवयी ओळखणारा शास्त्रज्ञ म्हणजे सर्गेई विनोग्राड्स्की. १८९० च्या सुमारास त्यांनी झुरिकमध्ये हे जिवाणू वेगळे काढले. त्याआधी इतर लोक जिलेटिनच्या पौष्टिक थरावर ते वाढवू पाहत होते आणि फसत होते. ज्याला अन्नच नको त्याला पंचपक्वान्नं वाढून उपयोग काय! अन्न नसलेल्या द्रावणात अमोनिया दिला, तेव्हा कुठे ते सापडले.

वीस दिवसांची नळी

टाकी सायकल करण्याचा पहिला नोंदलेला प्रयोग एका अर्थाने त्याही आधीचा आहे, आणि तो माशांसाठी केलेलाच नव्हता. १८७७ साली फ्रान्समध्ये थिओफील श्लोजिंग आणि अशिल म्युंत्स या दोघांनी एका लांब काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून गटाराचं पाणी अगदी सावकाश सोडायला सुरुवात केली. खालून येणारं पाणी ते रोज तपासत. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. वर जेवढा अमोनिया घातला तेवढाच खाली आला. त्यानंतर अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागलं.

हे नुसतं रसायन असतं तर पहिल्याच दिवशी घडलं असतं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणं थांबलं. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ते आपोआप सुरू झालं नाही. थोडी माती कालवलेलं पाणी वरून घातलं, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. म्हणजे काम करणारं जे होतं ते जिवंत होतं, आणि मेल्यावर पुन्हा विरजण लावावं लागलं. वाळू, चुनखडीचे दगड, सावकाश वाहणारं पाणी आणि वाट बघणं: आजच्या समुद्री टाकीत याहून वेगळं काय असतं?

हेच जिवाणू आपल्या आजूबाजूच्या सोयाबीन-गव्हाच्या शेतांतही राबतात. शेतकरी युरिया टाकतो, मातीत त्याचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. तिथे ते फार झपाट्याने झालं तर नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं आणि खत वाया जातं. म्हणून या जिवाणूंचा वेग कमी करायला युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप देतात. २०१५ पासून आपल्या देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला तो सक्तीचा झाला. मातीतल्या अशाच घडामोडींचा अभ्यास करणारी भारतीय मृदा विज्ञान संस्था १९८८ पासून आपल्याच शहरात, बैरसिया रोडवर नबीबागेत आहे. शेतात ज्यांना आवरायचं, टाकीत त्यांनाच आर्जवं करून बोलवायचं, एवढाच फरक.

भोपाळमधला समुद्र

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. आपल्याला तो कालवून घ्यावा लागतो. समुद्रापासून लांब असण्याची ही अडचण फार जुनी आहे. १८४६ साली अॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचं पाणी सारखं मागवणं शक्य नव्हतं. तेव्हा घरातली मदतनीस मुलगी रोज उघड्या खिडकीपाशी ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची, म्हणजे त्यात हवा मिसळत राही. प्रवाळ कित्येक महिने जगले. आज ते काम पंप करतो, पण पाण्याला हलतं आणि हवेशीर ठेवण्याची गरज तीच आहे. आपले जिवाणूही ऑक्सिजनवरच जगतात.

पाण्याबद्दल तीन-चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, खडे मीठही नाही. समुद्राच्या क्षारांमध्ये सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८५ टक्के असतात. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट येतं, आणि ते सगळं लागतं. म्हणून मत्स्यालयासाठीचं तयार समुद्री मीठच घ्यावं. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलोच्या थोडं वर. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं उपकरण मिळतं, त्यावर १.०२५ ते १.०२६ आलं की झालं.

नळाचं पाणी थेट घेऊ नका. ते कोलारचं असो, नर्मदेचं असो की बड्या तालाबाचं, त्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं, आणि आपण तर जंतूच पाळायला निघालो आहोत. आरओचं पाणी चांगलं. पण घरच्या आरओत चवीसाठी क्षार परत मिसळणारी सोय असेल तर ती बंद करून, टीडीएस शक्य तितका शून्याजवळ आणून मगच वापरा.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. वाळवणाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आपल्या कोरड्या हवेत टाकीची पातळी रोज खाली जाते आणि खारटपणा वाढतो. ती भरताना गोडं पाणीच घालायचं, खारं नव्हे.

तापमान २५ ते २७ अंश. भोपाळचा मे चाळिशी पार करतो आणि जानेवारीच्या रात्री हुडहुडी भरते, म्हणून हिवाळ्यात हीटर लागतो. उन्हाळ्यात पाण्यावर वाहणारा छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. माठ आणि कूलर ज्या युक्तीवर चालतात तीच ही, आणि दमट मुंबईपेक्षा ती आपल्या कोरड्या हवेत जास्त लागू पडते. पावसाळ्यात तिचा जोर ओसरतो. खोलीच फार तापत असेल तर चिलर घ्यावा लागेल. तो खर्च टाकी घेण्याआधीच धरून चाला.

खडक कुठला ठेवायचा

समुद्री टाकीचा कणा म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक. त्याच्या छिद्रांत जिवाणूंना घरं मिळतात. जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा आतल्या भागात आणखी वेगळे जिवाणू राहतात. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. परदेशी व्हिडिओंमध्ये ‘लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचा ओला तुकडा समुद्रातून आणून टाकीत ठेवतात, आणि त्यामुळे सायकल झटपट होते असं सांगतात. ते खरंही आहे, कारण वस्ती आयतीच येते.

पण आपल्या देशात हा रस्ता बंद आहे, आणि तो बंद असणंच योग्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्री काकड्या यांना संरक्षण आहे. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हाही गुन्हा होतो. आपल्या कोकणातही प्रवाळ आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मालवणच्या समुद्रात आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झालं. विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढे, एक मोठं प्रवाळ पठार पाण्याखाली आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक, सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. सुट्टीत मालवणला गेलात तर ते मास्क लावून पाण्यातच बघा. घरच्या टाकीसाठी कोरडा, कृत्रिम किंवा सिरॅमिकचा सच्छिद्र खडक घ्या. त्यावर वस्ती बसायला वेळ जास्त लागतो. हा सहा आठवड्यांचा हिशोब त्याच खडकाचा आहे.

आठवड्यांचं वेळापत्रक

मासे न घालता सायकल करायची तर जिवाणूंना अमोनिया आपण द्यायचा. पूर्वी ‘कणखर’ म्हणून डॅम्सेल जातीचे स्वस्त मासे आधी सोडत आणि त्यांच्यावर सायकल उरकत. जगला तर जगला, असा मामला. त्याची काही गरज नाही. शिवाय जो डॅम्सेल जगतो तो पुढे टाकीचा दादा होऊन बसतो आणि नव्या माशांना छळतो.

*पहिला आठवडा.* खडक, वाळू, खारं पाणी, पंप सुरू. दोन दिवस गळती, तापमान आणि खारटपणा बघा. मग अमोनियम क्लोराइड घाला. आपण ज्याला नवसागर म्हणतो तेच हे, पण बाजारातला नव्हे, प्रयोगशाळेत वापरतात तसा शुद्ध. शंभर लिटर पाण्याला साधारण ०.६ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. काही जण त्याऐवजी कच्च्या कोळंबीचा तुकडा कुजत ठेवतात. चालतं, पण प्रमाण हातात राहत नाही आणि घरभर वास सुटतो. बाटलीतले जिवाणू मिळाले तर त्याच दिवशी घाला. मुदत संपलेली नाही ना, आणि दुकानात बाटली उन्हात पडलेली नव्हती ना, हे बघून घ्या. दिवे बंदच ठेवा, नाहीतर शेवाळं आधी माजतं.

*दुसरा आठवडा.* अमोनिया उतरू लागतो. नायट्राइटच्या किटमध्ये पहिल्यांदा रंग येतो. पहिली पंगत बसली.

*तिसरा आणि चौथा आठवडा.* अमोनिया आता लवकर संपतो, पण नायट्राइट वर जाऊन तिथेच अडून बसतं. रोज तोच गडद रंग. संयम सुटतो तो इथे. खारट पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट गोड्या पाण्याइतकं माशांना बाधत नाही, हे खरं आहे. आणि तेच ऐकवून कुणीतरी “आता काही होत नाही, सोड मासे” असा सल्ला देतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नायट्राइट अडलेलं आहे याचा अर्थ दुसरी पंगत अजून बसायची आहे. अमोनिया मात्र ५ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका. फार झाला तर ज्यांना वाढवायचं तेच जिवाणू मंदावतात.

*पाचवा आठवडा.* एखाद्या सकाळी नायट्राइटचा रंग फिका दिसतो आणि मग दोन-चार दिवसांत जवळजवळ नाहीसा होतो. नायट्रेट वाढलेलं दिसतं. (नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या किटवर विश्वास ठेवू नका, आकडा फुगलेला येतो.) याच सुमारास वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर येतो. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. टाकी बिघडली म्हणून सगळं उपसून धुवायला घेऊ नका. काही आठवड्यांत ते आपणच ओसरतं.

*सहावा आठवडा.* आता परीक्षा. पुन्हा २ पीपीएम अमोनिया घाला. २४ तासांनी तपासल्यावर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तर टाकी तयार. नसेल, तर अजून एक आठवडा. मग साठलेलं नायट्रेट काढण्यासाठी निम्म्याहून जास्त पाणी बदला. नवीन पाणी तितकंच खारं आणि तितकंच उबदार हवं.

कुणाचं तीन आठवड्यांत होतं, कुणाला आठ लागतात. कॅलेंडरवर जाऊ नका, किटवर जा.

या काळात घरात करण्याजोगं काम म्हणजे वही. तारीख, तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असे सहा रकाने. हे काम मुलांना द्या. आलेखाच्या कागदावर अमोनियाचा डोंगर चढून उतरतो, मग नायट्राइटचा, आणि शेवटी नायट्रेटची रेघ वर जाते. आठवी-नववीतल्या पुस्तकात जी आकृती नुसती पाठ केली जाते, ती इथे स्वतःच्या हाताने काढली जाते. “निमो कधी येणार?” या रोजच्या प्रश्नाला आईने उत्तर द्यायची गरज उरत नाही. वही उघडून मूलच सांगतं, “अजून नाही.”

पहिला मासा

टाकी तयार झाली म्हणजे दहा मासे एकदम, असं नाही. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाइतकीच राहते. शंभर लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी पुरेशी आहे. मोठी टाकी असेल तर आधी ती जोडी, मग दोन-तीन आठवडे थांबून पुढचा मासा. पहिल्या आठवड्यात खाणं कमी द्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळा, नाहीतर सहा आठवड्यांची वस्ती दोन मिनिटांत वाहून जाईल. आणि वीज गेली तर हवा चालू ठेवणारा बॅटरीवरचा छोटा पंप घरात असलाच पाहिजे. काही तास पाणी थबकलं तर मासे आणि जिवाणू दोघेही गुदमरतात.

मासा घेताना एक प्रश्न जरूर विचारा: हा समुद्रातून पकडलेला आहे की हॅचरीत वाढवलेला? गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांश शेततळ्यांत आणि हॅचरींत वाढवलेले असतात. समुद्री माशांचं उलट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालाने जगात दरवर्षी सुमारे २ ते २.४ कोटी समुद्री शोभेच्या माशांचा व्यापार होतो असा अंदाज दिला होता, आणि त्यातले जवळजवळ सगळे थेट प्रवाळांवरून पकडलेले. म्हणजे घाईत मेलेला प्रत्येक मासा कुठल्यातरी प्रवाळ बेटावरून कमी झालेला असतो. क्लाउनफिश मात्र बंदिस्त टाकीत अंडी घालतो आणि त्याची पिल्लं वाढवता येतात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलेलं आहे. हॅचरीतला मासा टाकीच्या जगण्याला आणि तयार खाण्याला सरावलेलाही असतो. त्याला समुद्रफुलाची, म्हणजे ॲनेमोनीची, गरज नसते. सिनेमात दिसतं म्हणून ते आणू नका. ॲनेमोनीला वर्षभर मुरलेली टाकी लागते.

मुलांना आवडेल अशी एक गोष्ट: क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात. गटातला सगळ्यात मोठा पुढे मादी होतो. अंड्यांची राखण मात्र नर करतो. पंखांनी वारा घालतो, खराब अंडी काढून टाकतो. सिनेमातले बाबा काळजीने अर्धे झालेले दाखवलेत, त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

आणि हा मासा नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतो. आज तिसरीत असलेलं मूल कॉलेजात जाईल तेव्हाही तो टाकीत असू शकतो. पंधरा वर्षांच्या सोबतीपुढे सहा आठवडे म्हणजे किती? लग्नाच्या तयारीला आपण याहून जास्त वेळ देतो.

टाकीबाहेरचं पाणी

एकदा हे चक्र वहीत पाहिलं की इतर पाण्याकडेही नजर जाते. बडा तालाब आणि छोटा तालाब मिळून जी भोज पाणथळ जागा होते, तिला २००२ साली रामसर यादीत स्थान मिळालं. तिथेही तेच जिवाणू गाळाला आणि दगडांना चिकटून तेच काम करत असतात. पण त्यांची ताकदही टाकीतल्यासारखीच मर्यादित आहे. गटाराचं पाणी, कुजणारी फुलं, उरलेला प्रसाद त्यांच्या ताकदीपेक्षा जास्त पडला की ऑक्सिजन संपतो आणि मासे वर येऊन तरंगतात. गणपतीत निर्माल्य वेगळ्या कलशात टाका असं मंडळाचे कार्यकर्ते सांगतात, तेव्हा त्यामागे नुसती स्वच्छता नसते. घरी २ पीपीएमचा हिशोब ठेवलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तोवर टाकीत पाणी फिरत असेल, खडक रिकामा दिसत असेल आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारेल, “अहो, मासे कुठायत?” त्यांना खुशाल वही दाखवा.